एकसष्ट पानं राहिली होती

खुनी कोण हे कळायला एकसष्ट पानं राहिली होती, आणि माझा उजवा पाय मशीनचं पायडल दाबेना.

मी शोभा. केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात गेली वीस वर्षं ब्लाउज शिवते. वय शेहेचाळीस. मला जो आजार झाला त्याला जीबीएस म्हणतात. रोगाशी लढणारी अंगातली ताकद चुकून आपल्याच नसांवर उलटते आणि माणूस पायापासून वर वर लुळा पडत जातो. याहून जास्त शास्त्र मला ठाऊक नाही. मी आज चालते आहे, शिवते आहे, हे स्वतःच्या हातानं लिहिते आहे, एवढं मात्र आधीच सांगून टाकते. रहस्यकथेत शेवट आधी फोडणं म्हणजे पाप. पण ज्यांच्या घरात हा आजार आत्ता शिरलाय, त्यांना शेवट आधी कळायला हवा.

नाद

माझं माहेर नेकनूर. मामाचा बीडच्या बसस्थानकावर पेपर आणि पुस्तकांचा गाडा होता. दर शनिवारी तो दोन रहस्यकथा सुतळीनं बांधून नेकनूरच्या गाडीत कंडक्टरकडे द्यायचा. अट एकच, पुढच्या शनिवारी त्या कोऱ्या दिसल्या पाहिजेत. मी पान पुरतं उघडायचीच नाही, अर्धवट फटीतून वाचायची. बंगल्यातला खून, आतून लावलेली कडी, आठ माणसं आणि आठही खोटं बोलणारी! पोटात गोळा यायचा आणि त्या गोळ्याचीच मला चटक लागली.

मी पाचवीत होते तेव्हा टीव्हीवर अशाच एका जुन्या इंग्रजी कथेची मालिका हिंदीत लागली. शेजारच्या कुलसूम चाचीकडे गावातला दुसरा टीव्ही. समुद्राकाठचा बंगला, विष देऊन मारलेली श्रीमंत म्हातारी, तिचा भाचा, वकील, मोलकरीण, डॉक्टर. सगळे भाग मी पाहिले. शेवटच्या भागाला, गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं आणि बोट उचललं, आणि लाईट गेली! पुरं गाव अंधारात. मी चाचीच्या दारात भोकाड पसरलं. चाची म्हणाली, "अगे बावळी, कोनी तरी मारलंच आसंल की तिला!"

पस्तीस वर्षं मी त्या उचललेल्या बोटाच्या पुढचं माणूस शोधत होते.

लग्नानंतर वाचन चोरीचं झालं. सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, वाटायचं की घरात खुनाची पुस्तकं ठेवली की घराला अवदसा येते. आमचे हे, दत्तात्रय, ऊस वाहायचा ट्रॅक्टर चालवतात. ते चिडायचे नाहीत, हसायचे. "तुझ्या पुस्तकात एक तरी माणूस आपल्या मौतीनं मरतो का गं?"

मागच्या वर्षी अंबाजोगाईला अस्तराचं कापड आणायला गेले, तर जुन्या पुस्तकांच्या ढिगात तीच कथा मराठीत सापडली. तोच बंगला, तीच म्हातारी. मी रस्त्यातच ओरडले. मग मात्र मुद्दाम हळूहळू वाचलं, दिवसाला थोडी थोडी पानं, गूळ चघळावा तशी.

पायडल

त्याआधी दोन आठवडे एका लग्नातलं जेवण बाधून जुलाब झाले होते. ते थांबले. मग तळपायाला मुंग्या आल्या. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून ताकदीचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी पायडल दबेना. तिसऱ्या दिवशी मी उंबऱ्यात अशी बसले की उठताच येईना. ह्यांनी मला उचलून गाडीत घातलं आणि अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. माझी लेक वैशाली तिथंच कॉलेजात शिकते, ती आधीच दारात उभी होती.

डॉक्टर तरुण होते, बारीक आवाजाचे. त्यांनी आधी हात लावला नाही, नुसतं पाहिलं. मग प्रश्न. मुंग्या आधी कुठं आल्या? दोन्ही पायांना एकदम? जिना चढताना जड की उतरताना? आणि मग, "गेल्या महिन्यात जुलाब किंवा ताप?"

हे म्हणाले, "जुलाब झालते की. पण त्याचा न् पायाचा काय संबंध?"

तुम्हाला खोटं वाटेल, पण भीती बाजूला राहिली आणि माझ्या अंगावर शहारा आला. ज्याचा कुणालाच संबंध वाटत नाही तीच गोष्ट या माणसानं नेमकी विचारली! छोट्या हातोडीनं त्यांनी गुडघ्यावर टकटक केलं. पाय हलला नाही. त्यांनी मान हलवली. मला वाटलं, ह्याला खुनी सापडला.

मग ते खुर्ची ओढून माझ्याशी बोलले, ह्यांच्याशी नाही. "ताई, हे अजून वर चढेल. छातीपर्यंत गेलं तर श्वासाला मशीन लावावं लागेल. पण नंतर उतरतं. बहुतेकांचं उतरतं."

'बहुतेक' या शब्दाला मी जी चिकटले, ती चार दिवस सुटले नाही.

वर चढत गेलं

ते खरंच चढलं. सोमवारी मांड्या, मंगळवारी बोटं. ज्या बोटांनी मी काजं करायची, त्यांना वाटीसुद्धा धरता येईना. बुधवारी घोट गिळता येईना. गुरुवारी दुपारी श्वास आखूड झाला. तोंडात नळी घालण्याआधी मी वैशालीला कसंबसं म्हणाले, "पुस्तक मशीनच्या खणात हाय." शेवटचे शब्द म्हणून हे बोलावे असं काही शहाण्या माणसाला सुचणार नाही. पण माझ्या तोंडून तेच निघालं.

पुढं उरल्या दोन पापण्या. बाकी सगळं अंग म्हणजे भिजलेली गादी. आणि लोकांना माहीत नसतं ते हे, की मला सगळं ऐकू येत होतं, सगळं दुखत होतं, डोकं लख्ख होतं.

काही दिवसांनी तोंडातली नळी काढून गळ्याला छिद्र पाडायचं ठरलं. माझ्या पायथ्याशीच त्यावरून वाद झाला. आत्याबाई रडत होत्या. "गळ्याला भोक नगा पाडू. घरी न्या तिला. तिला निवांत जाऊ द्या."

"आई, ती कुटं चाललीय?" हे म्हणाले. "डाक्टर उतरतंय म्हणलेत."

"तू काय तिच्या मनात शिरलास का? तिला किती तरास व्हत आसंल!"

ह्यांनी डॉक्टरांचा कागद हातात घेतला. मी मनात किंचाळत होते, सही करा, अहो सही करा! कागदावर पेन घासल्याचा आवाज आला तेव्हा माझ्या कानात पाणी गेलं. डोळ्यांतलं ओघळून कानातच जातं आडवं असल्यावर. आत्याबाईंचा मला तेव्हा फार राग आला होता. त्या दवाखान्याच्या आवारात चार दिवस पाण्यावर होत्या, हे नंतर कळलं. मग राग कुणावर करायचा?

सकाळ आणि संध्याकाळ

अतिदक्षता विभागात दिवस असा नसतोच, कामं असतात. अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, छातीतला कफ ओढून काढणं. ते ओढणं म्हणजे बुडताना कुणी तळाशी दाबून धरावं तसं. रेश्मा सिस्टर मात्र प्रत्येक वेळी आधी सांगायच्या, "शोभाताई, आता ओढते हां. दहापर्यंत मोजा." आणि स्वतः मोठ्यानं मोजायच्या. कधी नऊवरच थांबायच्या. त्या वाचलेल्या एका आकड्यासाठी मी त्यांना जन्मभर दुवा देईन. त्यांनी एकदा माझी वेणीही घातली. आरशात दाखवली नाही, पण घट्ट बसलेली कळत होती.

नातेवाइकांना सकाळी आणि संध्याकाळी वीस-वीस मिनिटं. हे येऊन उभे राहायचे. "कशी हायस?" मग मशीनकडे बघायचे, घड्याळाकडे बघायचे.

सिस्टर म्हणाल्या, "काका, बोला ना. त्यांना ऐकू येतं."

"काय बोलू? घरात बी आमी लई बोलत न्हाई."

त्या संध्याकाळी वैशालीनं त्यांच्या हातात पुस्तक दिलं. खूण म्हणून मी घातलेली अस्तराची पट्टी आत तशीच.

हे सातवीपर्यंत शिकलेले. तेही दिवाळीनंतर आई-वडलांबरोबर ऊस तोडायला जायचे, म्हणजे अर्धीच सातवी. अक्षरावर बोट ठेवून, जोडून जोडून वाचायला लागले. "इ-न्स्पे-क्ट-र-नं खि-ड-की…" वीस मिनिटांत चार पानं! मी आतल्या आत तडफडत होते. पण दुसऱ्या दिवशी ते वाचता वाचता थांबले आणि म्हणाले, "ही मोलकरीण लई आगाऊ हाय. हिच्यावर नजर ठिव."

मला वाटलं, मी टुणकन उठून बसेन. माझ्या नवऱ्याला संशय आला होता!

त्यानंतर मी भेटीची वेळ मोजू लागले. छताला डोळे लावून मरणाचा विचार करणारी बाई सकाळच्या चार पानांवर दुपार काढू लागली. भाच्यानं हातमोजे का जाळले? डॉक्टर खोटं का बोलला? भीती गेली नव्हती. पण तिला बसायला पहिल्यासारखी ऐसपैस जागा उरली नव्हती.

आणि वीसेक पानं उरली असताना ते वाक्य आलं. वकिलानं आधी सांगितलं होतं की आपण म्हातारीच्या वरच्या मजल्यावर कधी पाऊलच ठेवलं नाही. आता बोलता बोलता तो म्हणाला, "वरच्या खोलीतलं घड्याळ तर बंदच असतं." हे वाचून पुढं गेले. अहो थांबा! वर गेला नाही तर घड्याळ बंद आहे हे त्याला कसं ठाऊक? पस्तीस वर्षांनी मला माणूस सापडला होता, आणि सांगायला माझ्याकडे दोन पापण्या.

पहिला शब्द

दुसऱ्याच दिवशी वैशाली पुठ्ठा घेऊन आली. त्यावर क, ख, ग अशा ओळी लिहिलेल्या. तिनं बोट फिरवायचं, मी पापणी मिटायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. काना, मात्रा, वेलांटी काही नव्हतं, नुसती अक्षरं.

सगळे जमले होते. माझा पहिला शब्द! हे उशाशी, सिस्टर पायाशी. काही तरी 'पाणी' किंवा 'घर' येईल असं त्यांना वाटलं असणार.

व. मग क. मग ल.

"वकल?" वैशाली म्हणाली. "वकील? आई, वकील?"

मी एकदा पापणी मिटली. जोरात!

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. ते बाहेर निघून गेले. मला कळेना, बरोबर ओळखल्याचा आनंद कुणालाच कसा नाही?

संध्याकाळी ते भावकीतल्या एका वकिलाला घेऊन आले. केजच्या कोर्टात काम करतात ते. अंगात काळा कोट, त्यावर दवाखान्याचा हिरवा झगा, हातात कागद. ह्यांचे डोळे रडून सुजलेले. वकीलसाहेब वाकून हळू म्हणाले, "वहिनी, काय लिहून द्यायचंय? कुणाच्या नावानं काय करायचंय?"

तेव्हा उलगडा झाला. ह्यांना वाटलं, मी मृत्युपत्र करायला निघाले!

मी दोनदा पापणी मिटली. पुन्हा दोनदा. वैशालीनं घाईघाईनं पुठ्ठा धरला. ख. न.

"खन… खून?" वकीलसाहेब दचकून सरळ झाले. "कुणाचा खून? वहिनी, तुम्हाला इथं कुणी काही केलं का?"

रेश्मा सिस्टरांच्या हातातला ट्रे खणकन वाजला. हे ओरडले, "कावून? कुणी? नाव सांग!"

मी हसत होते. चेहरा दगडाचा, गळ्यात नळी, पण आत मी लोळून लोळून हसत होते. पुठ्ठ्यावर पुढची अक्षरं आली, प, स, त, क. वैशालीनं दोन क्षण माझ्याकडे पाहिलं आणि ती मटकन खालीच बसली. हसू आवरेना तिला. "पप्पा, पुस्तक! पुस्तकातला वकील! ती खुनी सांगतीय!"

वकीलसाहेब कागद घडी घालत म्हणाले, "म्हंजे खून आमच्याच धंद्यातल्या माणसानं केला तर." ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते हसत होते की रडत होते, मला अजून ठाऊक नाही.

मग हात काढून एकदम म्हणाले, "पण वकील न्हाईच! भाचा हाय!"

सिस्टर म्हणाल्या, "तुम्हाला कसं माहीत?"

तेव्हा ह्यांनी कबूल केलं. ह्यांना पुढचं कळल्याशिवाय राहवेना. बाहेर बाकावर बसून त्यांनी मोबाईलवर तीच जुनी मालिका शोधली, शेवटच्या भागासकट. शेजारच्या पेशंटचे चार नातेवाईकही सोबत बघत होते. तिथं गुप्तहेराचं बोट भाच्यावर थांबतं. पडद्यावर आलेलं, म्हणजे पक्कं!

मी हबकले. मग वैशालीनं पुन्हा पुठ्ठा धरला आणि मी अक्षर अक्षर करून सांगितलं, घड्याळ. ह्यांनी पुस्तक हातात घेतलं. मागची पानं उलटली. बोट ठेवून वाचलं. आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले, "आयला! हा तर म्हणला व्हता, वर गेलोच न्हाई!" की पलीकडच्या खाटेवरचे आजोबा दचकले.

शेवटचं प्रकरण

शेवटच्या संध्याकाळी ह्यांना फार वेळ लागत होता. सगळे दिवाणखान्यात बसले, बोट उचललं गेलं, आणि बाहेरून आवाज आला, "वेळ संपली, नातेवाईक बाहेर!"

माझ्या नशिबात ते बोटच लिहिलेलं नाही, असं वाटलं मला.

रेश्मा सिस्टर दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "काका, वाचा. दोन मिनिटं मी बघते." दुसऱ्या सिस्टर सलाईन लावता लावता थांबल्या. पलीकडचे आजोबाही कान देऊन होते.

ह्यांनी वाचलं, "तो… खु-नी… आ-हे… व… व-की-ल!"

माझं काळीज असं धडधडलं की मॉनिटर बोंबलायला लागला. लाल दिवा, टुंटुंटुं! डॉक्टर धावत आले. "काय झालं? काय झालं?"

सिस्टर म्हणाल्या, "काही नाही सर. वकिलानं मारलं."

मालिकावाल्यांनी खुनी बदलला होता! भाच्याचं काम करणारा नट नावाजलेला होता, म्हणून असेल. पडद्यासाठी गोष्ट बदलतात हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी लाईट गेली नसती तर मी पस्तीस वर्षं चुकीचा माणूस खरा धरून चालले असते. ह्यांनी पुस्तक मिटलं, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "शोभे, तुझं डोकं जागेवर हाय. आता बाकीचं बी येतंय बघ जागेवर."

उतरलं

आणि उतरू लागलं. पुस्तक संपल्यावर नवव्या दिवशी डाव्या पायाचा अंगठा हलला. वैशालीनं व्हिडिओ काढून सगळ्या भावकीत पाठवला, जणू मुलगी झाली. मशीन आधी एक तास काढलं, मग चार तास, मग सबंध दिवस. नळी निघाल्यावर माझा आवाज बेडकासारखा आला. आत्याबाईंना म्हणाले, "जेवलात का?" त्या पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळल्या.

घरी आल्यावर सहा महिने व्यायाम. चमचा धरायला पंधरा दिवस, उभं राहायला दोन महिने. काही दिवस इतके वाईट होते की मी ह्यांच्यावर खेकसले, वैशालीला नको ते बोलले. ते लपवत नाही. बरं होताना माणूस चांगलंच वागतं असं नाही. आजही बोटांची टोकं बधिर वाटतात आणि थंडीत पाय जड होतो. पण आठवड्याला चार ब्लाउज होतात. आता ऊस खाली करायला कारखान्यावर रांगेत थांबले की हे ट्रॅक्टरवर बसून रहस्यकथा वाचतात आणि मला फोन करतात, "ते माळ्याचं काम दिसतंय मला. तू सांगू नगंस!"

तलवाड्याचे मास्तर

गेल्या महिन्यात आम्हाला व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओच्या ओळखीनं बीडहून फोन आला. तलवाड्याचे एक निवृत्त मास्तर, हाच आजार, गळ्याला नळी. त्यांच्या बायकोनं खाणंपिणं सोडलंय, जरा भेटून जा. आम्ही गेलो.

मास्तर छताकडे बघत पडलेले. काकू खाटेजवळ हात जोडून उभ्या, जणू देवळात. मी म्हणाले, "काकू, त्यांना सगळं ऐकू येतंय. मला येत होतं. बोला त्यांच्याशी."

"काय बोलू माय?"

"काहीही. घरातलं. राहिलेलं काही."

त्यांनी पदर सावरला. मग मास्तरांच्या कानाशी वाकल्या. आवाज दबका होता, पण मला ऐकू आला.

"आवो, तुमचा त्यो बक्षिसाचा रेडिओ. मांजरानं पाडला म्हणले व्हते मी. मांजरानं न्हाई. मीच पाडला. इतकी वरसं सांगायचं राह्यलं."

मास्तरांचे डोळे हळूच तिच्याकडे वळले. मी त्यांना पापणीची खूण समजावून सांगितली आणि विचारलं, "मास्तर, तुम्हाला माहीत होतं का?"

त्यांनी एकदा पापणी मिटली.

"पहिल्या दिवसापासून?"

पुन्हा एकदा.

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "आन् मग त्या गरीब मांजराला कावून घराबाहेर काढलं वो?" त्या अशा तावातावानं भांडायला लागल्या की बाहेरून सिस्टर आत डोकावल्या. मी त्यांना हातानं थांबवलं. मास्तरांच्या डोळ्यांच्या कडा चमकत होत्या, आणि त्या चमकण्याचा अर्थ त्या खोलीत मला एकटीलाच पक्का ठाऊक होता. ते पोट धरून हसत होते.